५०पैकी ३१

परवा जुनी वही चाळताना माझी चोरी पकडली गेली. एकाच ब्रुअरीच्या, एकाच नावाच्या अँबर एल या लालसर बिअरला मी वर्षभरात तीनदा गुण दिले होते आणि तिन्ही वेळा वेगळे. पहिल्यांदा ३१, मग ३८, शेवटी २७. अक्षर माझंच, आणि प्रत्येक आकड्याखाली असा ठाम शेरा की वाचणाऱ्याची पुढे काही विचारायची छाती होऊ नये. ३१खाली 'नीटनेटकी. नाव ठेवायला जागा नाही, नाव काढावं असंही काही नाही.' ३८खाली नुसतंच 'वा!' आणि २७खाली 'बसलेली. पुन्हा आणू नये.'

गुण द्यायला मी जो तक्ता वापरते तो बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रामचा. ही संस्था १९८५ साली अमेरिकेत सुरू झाली आणि स्पर्धांमध्ये बिअर तपासणारे परीक्षक तयार करते. एकूण गुण ५०. त्यात वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी वाटते याला ५ आणि एकंदरीत काय वाटलं याला १०. २१ ते २९ म्हणजे चांगली, ३० ते ३७ फार चांगली, ३८ ते ४४ उत्कृष्ट. म्हणजे माझ्या वहीत एकच बिअर एका वर्षात तीन इयत्तांमध्ये बसून आली होती. शाळेत एखाद्या मुलाचं असं झालं तर मुलाला कोणी काही म्हणत नाही, सगळे मास्तरांकडे बघतात.

धाकट्या भावाला वही दाखवली. तो म्हणाला, "ताई, तू पितेस का पेपर तपासतेस?" तो स्वतः नुसता पितो. मग मी त्याच बिअरच्या चार बाटल्या पुन्हा आणल्या ('पुन्हा आणू नये' हे निमूटपणे खोडलं), आणि बदललं कोण, बिअर की मी, ते एका संध्याकाळी बघून टाकायचं ठरवलं.

ग्लास तिरपा धरून ओतायचं, अर्ध्यावर आलं की सरळ करायचा. शेवटची धार मधोमध पडली की फेस उभा राहतो. दोन बोटं फेस आला, पांढरा नाही, जुन्या पुस्तकाच्या पानासारखा पिवळट. खिडकीशी धरली तर बिअर कडेला नव्या तांब्याच्या तारेच्या रंगाची, मध्यावर गडद, आणि तळाशी काच जाड होते तिथे लालसर. आपल्याला 'अंबर' म्हटलं की आकाश आठवतं. हा अँबर म्हणजे दगड झालेली झाडाची राळ. संस्कृतातून आलेलं त्याचं नाव तृणमणी, कारण घासला की तो गवताची काडी ओढून घेतो. आकाशाच्या निळ्याशी तर या बिअरचं उभं वाकडं आहे. बिअरचा रंग मोजतात तोच मुळी निळ्याच्या हिशोबाने: ४३० नॅनोमीटरचा, म्हणजे निळसर-जांभळा प्रकाश बिअरमधून पाठवायचा आणि तिने त्यातला किती गिळला ते बघायचं. त्यावरून एसआरएम नावाचा आकडा काढतात. फिकट पिल्सनर ३-४च्या आसपास, काळी स्टाउट ३०च्या पुढे, आणि अँबर एल १० ते १७.

यंत्र यायच्या आधी हे काम रंगीत काचा करायच्या. जोसेफ लोव्हिबॉन्ड या इंग्लंडमधल्या ब्रुअरीवाल्याने आधी रंगवलेले नमुने ठेवून पाहिले, पण ते विटायचे. मग सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमधल्या रंगीत खिडक्या बघून त्याला काचेची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. १८८५मध्ये त्याने टिंटोमीटर केला. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, पोत्यांवर अजून त्याच्याच नावाचे आकडे असतात, ४० लोव्हिबॉन्ड, ६० लोव्हिबॉन्ड. मला हा माणूस आवडतो, कारण तो स्वतःच्या डोळ्यांवर अवलंबून राहिला नाही.

इतकं सगळं निरखायचं आणि रूपाला गुण तीन! पण रूप तीन गुणांत मावत नाही, ते बाकीच्या रकान्यांत झिरपतं. २००१मध्ये फ्रान्सच्या बोर्दोमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली आणि तीच वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवूनही ठेवली. रंगवलेल्या ग्लासातल्या वासाचं वर्णन विद्यार्थ्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केलं. हसू नका. मी २७ची नोंद पुन्हा वाचली. तिच्यात पहिलंच वाक्य आहे, 'फेस धरत नाही'. त्यानंतर वास 'मंद', चव 'सपाट', तोंडात 'पाणचट'. फेस नाही म्हटल्यावर मी पुढचे सगळे रकाने त्याच सुरात भरून टाकले होते.

आणि फेस का नव्हता? त्या नोंदीची तारीख ऐन थंडीतली. मला आठवलं, त्या दिवसांत ओठ फुटायचे म्हणून मी सारखं लिप बाम लावत होते. खात्री करायला दुसरी बाटली फोडली, स्वच्छ ग्लासात ओतली आणि बाम लावलेलं बोट फेसाच्या कडेला टेकवलं. बोटाभोवती फेस मागे सरकला. मग मी बोट हळूच आडवं ओढलं, तर जिथून बोट गेलं तिथे चर पडला, बुडबुडे एकात एक मिसळून मोठे झाले आणि फुटले. दोन मिनिटांत वर फक्त कडेकडेने एक पांढरी दोरी उरली. बुडबुड्यांची भिंत बार्लीतल्या प्रथिनांची आणि हॉप्स या फुलांतल्या कडू द्रव्यांची असते, तिला तेलकटपणा सोसत नाही. नीट न विसळलेल्या ग्लासाचंही तेच. म्हणजे बिअरचे ११ गुण माझ्या ओठांनी खाल्ले होते. असो.

वासाचं जरा सावकाश सांगते, कारण अँबर एलचं अर्धं घर तिथे आहे, आणि हे मराठीत लिहिताना मला फार बरं वाटतं. १९७०च्या दशकात मॉर्टन माइलगार्ड या डॅनिश रसायनतज्ज्ञाने बिअरच्या वासाचवींचं एक चाक आखलं, शंभराहून जास्त शब्दांचं, म्हणजे जगभरच्या चाखणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं कळावं. उपयोगी चाक आहे. पण अँबर एलचा ग्लास नाकाशी धरला की मला आधी आठवतो तो 'खरपूस' हा आपला शब्द. खमंगच्या थोडा पुढचा, करपटच्या बराच अलीकडचा. हे तीन शब्द म्हणजे भाजण्याच्या एका रेषेवरचे तीन थांबे आहेत, आणि लोव्हिबॉन्डने ज्याला आकडे दिले त्याला मराठीने आधीच नावं देऊन ठेवली आहेत. पेल एल ही फिकट बिअर खमंगपाशी उतरते. अँबर खरपूसला. स्टाउट करपटपर्यंत जाऊन परत येते.

हा खरपूसपणा येतो कुठून, तर बार्लीला कसं भाजलं त्यातून. बार्ली भिजवून मोड आणायचे आणि मग वाळवायचे, म्हणजे झालं साधं माल्ट. अँबर एलमध्ये त्याच्या जोडीला क्रिस्टल माल्ट नावाचा एक प्रकार असतो. त्याचे मोड आलेले दाणे वाळवत नाहीत, ओलेच बंद पिंपात ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. मग प्रत्येक दाण्याच्या सालाआड पिठाची साखर होते, दाणा आतून पाकाने भरतो. त्यानंतर आच वाढवली की तो पाक दाण्यातच घट्ट होऊन काचेसारखा कडक होतो. असा दाणा मी एकदा दातांखाली फोडलाय. कट्‌ असा आवाज होतो, आधी गोड लागतं, मग साखर जळायला लागल्यावर येते तशी कडेची कडसर चव. यातली सगळी साखर यीस्टला पचत नाही. म्हणून आंबून दारू झाल्यावरही अँबर एलमध्ये थोडी गोडी मागे राहते.

बाटली शीतकपाटातून काढल्या काढल्या मला यातलं काहीही आलं नव्हतं. गार बिअर वास दाबून धरते. ग्लास तळव्यांत धरून दहा मिनिटं बसले, तेव्हा कुठे भाजलेल्या पावाची कड आली, मग कॅरॅमल, आणि त्याच्यावर अगदी पातळ, ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास. तो हॉप्सचा. कॅस्केड हे हॉप्सचं वाण अमेरिकेत १९७२ साली बाहेर आलं आणि तिथल्या छोट्या ब्रुअऱ्यांच्या बिअरला तिचा वास देऊन गेलं. या बिअरमध्ये कॅस्केडच आहे असं बाटलीवर लिहिलेलं होतं, तेव्हा मला आलेल्या वासाचं श्रेय किती नाकाला द्यायचं आणि किती लेबलला, हा प्रश्न उरतोच. वासाला १२पैकी ८.

पहिला घोट. गोडी पुढे येते, जरा टेकायचा विचार करते, तेवढ्यात कडसरपणा येऊन तिला उठवतो. कडू नव्हे हं, कडसर. आपल्या भाषेत 'सर' लावला की चवीचा आवाज अर्धा कमी होतो. अँबर एल सगळीच्या सगळी या 'सर'वाल्या शब्दांची आहे: गोडसर, कडसर, लालसर. गिळल्यावर घशामागून नाकात एक खरपूस वाफ चढते आणि जिभेच्या मागच्या बाजूला किंचित तुरट राहतं. बस, इतकंच. चवीला २०पैकी १३ लिहिले आणि पेन थांबलं. १३ का? कमी काय होतं? काहीच नाही. मग सात गुण कुठे गेले?

माझ्या मते इथे खरी गोम आहे. या बिअरचा कुठलाही आकडा घ्या, ती मधेच असते. कडवटपणा २५ ते ४० आयबीयू, म्हणजे साध्या, फिकट लागरच्या वर, भरपूर हॉप्सच्या कडू आयपीएच्या खाली. अल्कोहोल साडेचार ते सव्वासहा टक्क्यांच्या आत. रंग फिकट आणि तपकिरीच्या मधला. ती जन्मलीच तशी. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रुअऱ्यांनी पेल एलमध्ये क्रिस्टल माल्ट वाढवलं आणि जे झालं त्याला रंगावरून नाव दिलं. १९८३ची मेंडोसिनो ब्रुअरीची रेड टेल एल ही त्यातली सुरुवातीची. कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेली बिअर. आणि गुण देणाऱ्याला नेमकं अध्यात-मध्यात करणारं कोणीतरी हवं असतं. जिथे जिथे लोक बिअरला तारे देतात तिथे वरचे नंबर बघा, दहा-बारा टक्क्यांच्या काळ्याकुट्ट इंपीरियल स्टाउट आणि फळांच्या रसासारख्या गढूळ डबल आयपीए. त्या चांगल्या असतात, नाही असं नाही. पण त्यांचा पहिला घोट तुमच्या तोंडात फटाके लावतो आणि हातातलं पेन आपोआप चारच्या पुढे सरकतं. चौथ्या घोटाला काय वाटलं ते कोणी लिहीत नाही. इंपीरियल स्टाउटचा दुसरा ग्लास मागितलेला मी अजून एकही माणूस पाहिलेला नाही (एक पाहिलाय, पण त्याचं उदाहरण घेण्यासारखं नाही).

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या न्यू बेल्जियम ब्रुअरीची फॅट टायर ही १९९१पासूनची अँबर एल. त्या ब्रुअरीचं नाव याच बिअरने घरोघरी नेलं. २०२३मध्ये तिची कृती बदलून रंग सोनेरी केला आणि लेबलवरून 'अँबर' गेलं. धंदा म्हटला की हे होणारच, त्यांना दोष नाही. पण बातमी वाचून मला मधल्या बाकावरच्या मुलाचं नाव पटावरून कमी केल्यासारखं वाटलं होतं.

आता ३८. ती नोंद मी दिवसभर चालून आल्यावर केली होती. पाय दुखत होते, तहान लागली होती, बरोबर चारजण होते आणि कोणीतरी सारखं हसवत होतं. त्या दिवशी तक्ता भरताना मी त्याचा प्रश्नच बदलला होता, हे आता दिसतं. परीक्षकाचा तक्ता विचारतो, ही बिअर आपल्या प्रकाराला किती जागते? मी उत्तर दिलं, मला किती आवडली याचं. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण एकाच्या रकान्यात दुसऱ्याचं उत्तर लिहिलं की २७, ३१, ३८ अशी माळ तयार होते.

भावाला म्हटलं, डोळे बांधून बघू. तीन ग्लास घ्यायचे, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कुठली ते ओळखायचं. ब्रुअऱ्यांमध्ये ही चाचणी रोज चालते. मी म्हटलं दोनांत अँबर घाल, एकात पेल एल. किंवा उलट. यात काय ओळखायचं, असा माझा तोरा. वर्षभर नाकाने कांदे सोलले होते, त्याचा काही उपयोग नको का? बिअर थेट शीतकपाटातली, प्रत्येक ग्लासात दोन घोटांपुरती. डोळ्यांवर ओढणी. पहिल्या फेरीत मी तीन ग्लास हुंगले, चाखले, मधल्यावर बोट ठेवलं आणि वर कारणही सांगितलं, "यात कॅरॅमल जास्त आहे."

"ताई," तो म्हणाला, "मधला आणि डावीकडचा एकाच बाटलीतला आहे."

सहा फेऱ्या केल्या. पहिल्या दोन चुकल्या, मग बाटल्या खोलीच्या उबेला आल्या आणि पुढच्या चार बरोबर. सहापैकी चार, मी खूश. पण तीनातून एक उचलायचा म्हणजे डोळे झाकून अंदाजपंचे बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच. कागदावर हिशोब मांडला. नुसत्या नशिबावर सहापैकी चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १० टक्के निघाली. दहातल्या एका माणसाला हे काहीही न कळता जमेल. पाच बरोबर आले असते तर ती शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली गेली असती आणि मला जरा मान वर करता आली असती.

थोड्याशा नमुन्यांवरून किती बोलावं, याचं गणितही बिअरच्याच घरचं आहे. विल्यम सीली गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. बार्ली, हॉप्स, माल्ट यांचे मोजके नमुने हाताशी, आणि त्यावरून सगळ्या मालाबद्दल ठरवायचं. म्हणून त्याने थोड्या नमुन्यांसाठी वेगळं गणित मांडलं आणि १९०८ साली ते 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं. संख्याशास्त्र शिकलेला प्रत्येकजण स्टुडंटची टी-चाचणी करतो. मी कॉलेजात ती पाठ करून पास झाले होते. माझ्या वहीतले तीन आकडे त्या गणिताने तपासले. सरासरी ३२ आणि तिच्याभोवतीचा ९५ टक्के भरवशाचा पट्टा इतका रुंद निघाला की १८पासून ४५पर्यंत काहीही चालून जावं. म्हणजे जेमतेमपासून अप्रतिमपर्यंत सगळ्या इयत्ता. तीन वेळा चाखून मी एवढंच सिद्ध केलं होतं की ती बिअर आहे.

शेवटची बाटली आम्ही दोघांनी वाटून घेतली. डोळे उघडे, ओठ कोरडे, ग्लास कोमट पाण्याने विसळून उपडे निथळत ठेवलेले. मी तक्ता पुढ्यात घेतला. वास ८, रूप ३, चव १३, तोंडात ३. एकंदरीतच्या रकान्यापाशी पुन्हा अडले. ४ लिहिले तर ३१, ६ लिहिले तर ३३. भाऊ बाल्कनीचं दार उघडून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्याने ग्लास टेबलावर ठेवला, रिकामा.

चांगला फेस असला की प्रत्येक घोटागणिक ग्लासाच्या आतून एक पांढरं कडं मागे राहतं. त्याच्या ग्लासावर वरून खाली पाच कडी होती, एकमेकांपासून लांब लांब, सारख्या अंतराची. माझ्या ग्लासावरची मोजायला घेतली, तर चौदापर्यंत मोजून सोडून दिली. ती इतकी जवळ जवळ होती की एकातून दुसरं वेगळं काढता येईना, आणि तळाशी अजून तीन बोटं बिअर होती, उबेने सपक झालेली.

फोन ठेवून तो आत आला. "संपली?" म्हणाला. "अजून एक होती ना?"

चारच आणल्या होत्या. मी माझा ग्लास त्याच्याकडे सरकवला आणि रकान्यात ६ लिहिले.